थांबण्याचा आकडा

१

सोमवारी सकाळी नऊ दहाला पहिला फोन आला तो रक्त तपासणाऱ्यांचा. एक रिपोर्ट उघडायला तीन मिनिटं लागतायत म्हणाले. मग नोंदणीच्या खिडकीवरून आला आणि पाठोपाठ खुद्द मॅडमचा. मॅडम म्हणजे आमच्या तपासणी केंद्राच्या मुख्य डॉक्टर. त्यांचा फोन आला की मी बसल्या जागचा उठून उभा राहतो आणि मग कशाला उठलो म्हणून स्वतःवरच चिडतो.

मी इथला सर्व्हरवाला. केंद्रात चाळीसेक माणसं आहेत, पण त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत असेल असं वाटत नाही. कॉम्प्युटर चालू असला की मी नसतोच, बंद पडला की सगळा दोष माझा. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक थंड खोली आहे, तिथे आमचा मोठा सर्व्हर. त्या एका यंत्राच्या पोटात बारा कॉम्प्युटर चालतात. हात लावता येईल असे नव्हेत. आमच्या भाषेत त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. रक्तवाल्यांचं एक, नोंदणीचं एक, असे बारा. प्रत्येकाची समजूत अशी की हे अख्खं यंत्र आपल्या एकट्याचंच आहे. खरं तर सर्व्हर एकाला क्षणभर चालवतो, थांबवतो, मग दुसऱ्याला चालवतो. हे इतकं भराभर होतं की कुणाला पत्ताही लागत नाही.

सोमवारी मात्र सगळ्यांना पत्ता लागला होता.

माझी दुसरी जबाबदारी घरी. आईचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला. उजव्याचं बुबुळ पांढरं पडलं होतं, ते काढून तीन आठवड्यांपूर्वी दान आलेलं नवं बसवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दर दोन तासांनी थेंब पडलाच पाहिजे. शरीर परकी वस्तू टिकू देत नाही. थेंब चुकले तर हा डोळाही गेला म्हणून समजा." आईचे हात थरथरतात, तिला स्वतःला थेंब घालता येत नाहीत. घरात आम्ही दोघंच. मॅडमनी कधी नव्हे ते मोठं मन केलं आणि दहा, बारा, दोन, चार अशी चार वेळा घरी जाऊन यायची मुभा दिली. घर चालत दहा मिनिटांवर आहे.

त्या दिवशी बाराला दहा कमी असताना मी निघालो आणि माझ्या घड्याळात बरोबर बारा वाजता दार उघडून आत गेलो.

"काय रे, काही विसरलास का?" आईने विचारलं.

"थेंब घालायचेत ना."

"आत्ता तर घातलेस."

मला हसू आलं. म्हटलं, एकेकाचं वय होतं. पण माझी आई विसरणारी नाही. चाळीस वर्षं तिने शाळेत मुलांची हजेरी घेतली आहे आणि तिला अजून काही वर्गांचे पट पाठ आहेत. मी भिंतीवरच्या कागदापाशी गेलो. थेंबांच्या वेळांचा तो तक्ता मीच लावला होता. बाराच्या समोर पेन्सिलीची खूण होती. माझ्या खुणेचं शेपूट नेहमी वर फराटा मारून जातं, तसंच हिचंही गेलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते.

२

माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा सेल गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. म्हणजे मी बाराला आलो, थेंब घातले, परत गेलो आणि पुन्हा आलो? आणि यातलं पहिलं येणं मला आठवत नाही? कामाच्या ताणात माणूस काय काय विसरतो. मी काटे पुढे सरकवले आणि कामाला लागलो.

आमच्या कामात एक खास चूक असते आणि ती चांगुलपणातून होते. कुणी म्हणालं, आमचं मशीन हळू चालतंय, की आम्ही त्याला आणखी प्रोसेसर, म्हणजे काम करणारे मेंदू, देतो. मी तेच केलं होतं. रक्तवाले म्हणाले, दोन वाढवा, वाढवले. नोंदणीवाल्या बाई म्हणाल्या, त्यांना दिले मग आम्हाला का नाही? त्यांनाही दिले. पण ज्याला आठ प्रोसेसर दिलेत, त्याची पाळी आठही एकदम मोकळे होतील तेव्हा लागते. चार माणसं एकत्रच बसणार म्हणून हटून राहिली की त्यांना गाडीत जागा मिळत नाही, तसं. जितकं जास्त द्यावं तितकं ते मशीन जास्त ताटकळतं.

हे ताटकळणं मोजता येतं. आम्ही त्याला थांबण्याचा आकडा म्हणतो. मशीन तयार आहे, काम समोर आहे, पण पाळी येत नाही, असा किती वेळ गेला ते त्यात दिसतं. गंमत अशी की थांबलेल्या मशीनला आपण थांबलो होतो हे कळतच नाही. त्याच्या लेखी मधला वेळ नसतोच. फक्त त्याचं घड्याळ मागे पडतं.

हे मी स्क्रीनकडे बघत मनाशी म्हणत होतो आणि माझा हात आपोआप मनगटाकडे गेला. मग मी स्वतःला चांगलंच झापलं. कामाचं कामाच्या जागी ठेव म्हटलं.

मंगळवारी मी सगळ्यांचे जास्तीचे प्रोसेसर काढून घेतले. शिव्या खाल्ल्या. थांबण्याचा आकडा थोडा उतरला, पण थोडाच. मग मी बारा मशीनचा वापर जोडून पाहिला. बेरीज शंभरातले साठ आली. सर्व्हर मात्र म्हणत होता, मी शंभरातले पंच्याण्णव कामात आहे.

"मग उरलेले पस्तीस कोण खातंय?" मॅडमनी विचारलं.

"तेच शोधतोय."

"तुम्ही शोधताय हो, पण तासन्‌तास नुसते उभे असता त्या खोलीत. दोनदा डोकावून गेले मी. हाक मारली तरी ढिम्म."

"मला ऐकू आली नाही."

"विचार करत असाल," त्या म्हणाल्या. बोलण्यात टोमणा होता की सहानुभूती, ते मला कळलं नाही.

मला तर त्या आल्याचंच आठवत नव्हतं.

३

बुधवारी माझे पाय सुजले. घोट्यापाशी मोज्याचा काठ इतका रुतला होता की बोट फिरवलं तरी खळगा लागायचा. मी काही दिवसभर उभा राहणारा माणूस नाही. माझं काम खुर्चीतलं.

सर्व्हरच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून बूट बाहेर काढायचे आणि दाराशी ठेवलेल्या निळ्या रबरी चपला घालायच्या, असा नियम मीच केलाय. माझ्या घड्याळात दोनला दहा कमी असताना मी बाहेर आलो, चपला काढल्या आणि बुटात पाय घातला. बूट आतून गरम होता. दोन तास थंड खोलीच्या दाराशी पडलेला बूट गार असायला हवा. मी पाय काढला, हात घालून पाहिला, पुन्हा पाय घातला. येणारेजाणारे बघत होते.

फाटकावर रखवालदार काका बसले होते. वीस वर्षं तिथे बसून त्यांना प्रत्येकाची चाल पाठ झाली आहे.

"परत निघालात?" ते म्हणाले.

"परत म्हणजे?"

"आत्ताच घरून आलात की. हे काय, पाच मिनिटं झाली नसतील."

"काका, मी बाराला आत गेलो तो आत्ता बाहेर येतोय."

काका माझ्याकडे बघून हसले. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. "असेल बुवा. मी मघाशी विचारलं, आईची तब्येत कशी आहे, तर तुम्ही बघितलंही नाही. म्हटलं, साहेब रागावले की काय आपल्यावर."

त्यांच्यामागे भिंतीवर घड्याळ होतं. सव्वादोन वाजले होते.

मी रस्त्याने धावत सुटलो, सुजलेल्या पायांनी. सव्वादोन म्हणजे थेंब चुकले. डोळ्याला काही झालं असेल तर मी कुणाला तोंड दाखवणार, एवढंच डोक्यात होतं. घरी पोचलो तर आई निवांत पडली होती आणि तक्त्यावर दोनच्या समोर खूण होती.

माझा जीव भांड्यात पडला. मग लगेच वाटलं, पडायला नको होता. आणि तेवढ्यात आई म्हणाली, "आज डॉक्टरसुद्धा काय कौतुक करत होते तुझं."

"डॉक्टर? त्यांच्याकडे तर उद्या जायचंय."

"बरा आहेस ना? सकाळी नेलंस मला. यंत्रातून डोळा बघितला त्यांनी. म्हणाले, बुबुळ छान धरतंय, एकही थेंब चुकलेला दिसत नाही. मला उजेडात तुझी आकृती दिसायला लागलीय." ती हसली. खूप दिवसांनी हसली होती. "तुझा हातच चांगला झालाय रे आता. पहिल्या आठवड्यात अर्धं औषध गालावर सांडायचास."

डॉक्टरांचा कागद माझ्याच शर्टाच्या खिशात होता. त्यावर त्याच दिवसाची तारीख होती.

मला आनंद व्हायला हवा होता. आईचा डोळा वाचत होता, आणखी काय पाहिजे? पण मी तिथे पलंगाच्या कडेला बसलो आणि मला स्वतःच्या घरात अवघडल्यासारखं झालं.

४

त्यानंतर मी एक सोपा प्रश्न स्वतःला विचारला. काल संध्याकाळी मी काय केलं?

आठवेना. साडेपाचला मी स्क्रीनसमोर होतो हे आठवत होतं. त्यानंतर थेट सकाळचे नऊ, आणि पुन्हा तीच स्क्रीन. मधे घर, जेवण, झोप, काहीच नाही. परवाची संध्याकाळही तशीच.

मेंदूचे आजार असतात, हे मला माहीत आहे. माणूस मधेच थिजतो आणि त्याला ते कळत नाही. मी तशा डॉक्टरचा फोन नंबरही काढला. पण थिजलेला माणूस त्याच वेळी दहा मिनिटांवरच्या घरी जाऊन अचूक थेंब कसे घालेल? हे काही केल्या जुळेना. एक बाजू धरावी तर दुसरी सुटायची.

गुरुवारी सकाळी मी काकांच्या चौकीत गेलो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तिथल्या एका लहान डब्यात होतं. तो डबा माझ्या सर्व्हरवर चालत नाही, त्याचं घड्याळही स्वतंत्र आहे. म्हणून माझा त्याच्यावर विश्वास. काका चहाला गेले होते. मी दार लोटून घेतलं आणि आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पावणेसहा लावले.

सर्व्हरच्या खोलीत मी दिसलो. उभा, निळ्या चपलांत, एक हात कीबोर्डवर. पाच सत्तेचाळीसला माझी बोटं थांबली. विचार करणारा माणूस नाक खाजवतो, पाय बदलतो, निदान पापण्या तरी मिटतो. मी काहीच करत नव्हतो. कीबोर्डवरचं बोट कळ अर्धी दाबून तसंच राहिलं होतं.

मी रेकॉर्डिंग पळवलं. सहा, सात. सफाईवाल्या मावशी आल्या, त्यांनी माझ्या चपलांभोवतीची फरशी पुसली आणि गेल्या. आठ वाजले. दिवे बंद झाले, लाल-हिरव्या ठिपक्यांच्या उजेडात माझा नुसता आकार उरला. तो सकाळी आठ त्रेपन्नपर्यंत हलला नाही. मग बोटाने ती कळ पूर्ण दाबली आणि मी पुढचं अक्षर लिहिलं.

चौकीत काकांचं जाण्यायेण्याचं रजिस्टर होतं. माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, बाहेर पाच पन्नास.

मी पुन्हा मागे गेलो. पाच सत्तेचाळीस. या वेळी मी माझ्याकडे पाहिलं नाही. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खोलीचं दार आहे, त्याची खालची चौकट तेवढी दिसते. माझी बोटं थांबली त्याच क्षणी ते दार वीतभर उघडलं. फटीतून एक टाच बाहेर पडली. त्या पायात माझा तपकिरी बूट होता, अजून पुरता न चढवलेला, मागची कड पायाखाली दबलेली. ती टाच घाईत नव्हती. दार मिटलं.

मी ते पुन्हा पाहिलं नाही. काका आले आणि म्हणाले, "काय हो, रंग उतरलाय तुमचा." मी म्हटलं, ऊन लागलं.

एक मशीन थांबतं तेव्हा तो वेळ वाया जात नाही. त्या वेळात दुसरं कुणीतरी चालत असतं. हे मी दहा वर्षं नवीन लोकांना शिकवत आलो आहे.

५

सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणं, हा आमचा शेवटचा उपाय. त्याने मूळ दुखणं कळत नाही, पण आत जे काही चालू असेल ते सगळं संपतं. शनिवारी केंद्र दुपारी दोनला सुटतं. ते सुटल्यावर मी मॅडमची परवानगी मागितली.

"याने बरं होईल नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार."

"तुमचे पाय केवढे सुजलेत. सोमवारपासून चार दिवस रजा घ्या. आईपाशी बसा जरा."

तिच्यापाशी कुणीतरी बसतच होतं. शुक्रवारचा अख्खा दिवस माझ्या हातून गेला होता. शनिवारी दहा, बारा आणि दोन, तिन्ही वेळी मी निघायचं ठरवलं आणि तिन्ही वेळी भानावर आलो तेव्हा वेळ उलटून गेलेली होती, बाहेर बूट गरम होता. तो जो कोण होता, तिचं काही वाईट करत नव्हता. उलट माझ्याहून बरं करत होता. तरी माझी आई अर्ध्या उजेडात त्याच्यासमोर मान मागे टेकून बसते, हे मनातून जात नव्हतं.

तीनला मी एकेक मशीन बंद करायला घेतलं. रक्तवाल्यांचं, नोंदणीचं, मॅडमचं. मी बोलून मोजत होतो, म्हणजे मधे कुठे थांबलो तर निदान आकडा तुटेल. बारा झाले. सर्व्हरच्या पोटात आता काही चालत नव्हतं.

स्क्रीनवर अजून पस्तीस दिसत होते.

एक माणूस निवांत काम करत असावा तसे ते स्थिर होते. मग ते छत्तीस झाले, चाळीस झाले आणि माझ्या मागे दाराची मूठ फिरल्याचा आवाज आला. मी वळलो नाही. आत येत होता की बाहेर जात होता कोण जाणे. मी पुढे होऊन सर्व्हरचं बटण दाबून धरलं. एक, दोन, तीन, चार. पंखे घरघरत खाली आले आणि बंद पडले. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मागे कुणी नव्हतं. दार मिटलेलं होतं.

सर्व्हर पुन्हा चालू केला. बारा मशीन उठली. रिपोर्ट बोट टेकताच उघडत होते. थांबण्याचा आकडा प्रत्येकापुढे शून्य होता. वर मॅडम एकट्याच होत्या, त्यांनी वरूनच हाक दिली, "अहो, जादू केलीत की!" मी ओरडून हो म्हटलं. मला रडू येत होतं आणि हसूही.

बूट गार होता. फाटकावर काका म्हणाले, "निघालात?" एवढंच. माझं आणि त्यांचं घड्याळ जुळत होतं.

६

बरोबर चारला मी घरी होतो. आई खुर्चीत मान मागे टेकून तयार बसली होती.

"आई, मी आलोय," मी म्हटलं. "आता सगळं ठीक झालंय. चार दिवस रजा मिळालीय मला."

ती आवाजाच्या दिशेने मान वळवून ऐकत राहिली. मी साबणाने हात धुतले, पुसले, बाटली हलवली आणि तिची खालची पापणी हलकेच ओढली. ती एकदम दचकून मागे सरकली. थेंब गालावर गेला.

"कोण आहे?"

"अगं मीच आहे."

"कोण मी? दार कुणी उघडलं तुला?"

"आई, असं काय करतेस? चाराचे थेंब आहेत." मी तिचा हात धरला. तिने दुसऱ्या हाताने माझी बोटं एकेक चाचपली, वर्गातल्या नव्या मुलाची चौकशी करावी तशी, आणि सोडून दिली.

"हे बघा," ती म्हणाली. माझ्या आईने मला अहोजाहो केलं. "तुम्ही कोण असाल ते असा. माझा मुलगा येईल आत्ता. तो बोलत नाही फारसा. कामाने थकतो. येतो, गार पाण्याने हात धुतो, थेंब घालतो, माझ्या डोक्यावर हात ठेवून बसतो. तो आला की घालेल. तुम्ही जा."

तिने डोळा गच्च मिटून घेतला होता. मी तिला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. बाबांचं नाव सांगितलं, तिच्या शाळेच्या फाटकाचा रंग सांगितला. जसजसा मी बोलत गेलो तसतशी ती आणखी घाबरत गेली. "शेजाऱ्यांना बोलावीन," ती म्हणाली. साडेचार झाले, पावणेपाच झाले. डोळ्यातून पाणी वाहत होतं, तो लालसर दिसायला लागला होता. जबरदस्तीने पापणी उघडली असती तर टाके सुटले असते.

मी बाहेर गेलो आणि दार आपटून ओढून घेतलं, तिला ऐकू जाईल असं. जिन्यात भिंतीला टेकून उभा राहिलो. पाच मिनिटं मोजली. मग पुन्हा आत आलो. नळ सोडला, त्याखाली दोन्ही हात धरले, बोटं बधिर होईपर्यंत. तिच्यासमोर आलो. तोंडातून शब्द काढला नाही.

मी तिच्या कपाळाला बोट लावलं आणि तिचा चेहरा सैल पडला.

"आलास बाई एकदाचा," ती म्हणाली आणि डोळा उघडला. थेंब नेमका मधोमध पडला. तिने माझा गार हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "अरे, कुणीतरी आला होता इथे. अगदी तुझ्यासारखा आवाज काढत होता. घरातलं सगळं ठाऊक होतं त्याला. परत आला तर आत घेऊ नकोस हं त्याला."

तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिलो.